ज्योतिष्याच्या दारी कवी

दहावीच्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते, त्या वेळची गोष्ट. आमच्या वर्गातील तिघे विद्यार्थी प्रवेशपत्रे घेऊन निघाले, ते थेट घरी न जाता देवळाजवळ पथारी मांडून बसलेल्या एका ज्योतिष्यापुढे जाऊन बसले. एक पंचांग, हाताच्या पंजाचे रंगीत चित्र, चार खडे आणि एक भिंग, एवढेच त्याचे भांडवल. प्रत्येकी ५१ रुपये दक्षिणा घेऊन त्याने तिघांचे हात पाहिले. पहिल्यास त्याने सांगितले, की यश निश्चित आहे, मात्र आळस करू नये. दुसऱ्यास सांगितले, की यशाचा योग उत्तम आहे, पण प्रकृतीस जपावे. तिसऱ्याचा हात त्याने अंमळ अधिक वेळ धरून ठेवला आणि म्हटले, "गणित दगा देईल. कष्ट केलेस तर निभावेल."

पहिले दोघे हसतखेळत परतले. तिसऱ्याने मात्र पुढे आठ दिवस गणिताचे पुस्तक उघडले नाही. आम्ही कारण विचारले, तेव्हा मान खाली घालून तो म्हणाला, "सर, जे व्हायचे तेच होणार असेल, तर करून काय उपयोग?" ज्योतिष्याच्या वाक्याचा उत्तरार्ध त्याच्या कानांत शिरलाच नव्हता. भीतीने पूर्वार्ध तेवढा ऐकला होता.

अशा वेळी रागावून उपयोग नसतो. भ्यालेल्या मुलाला उपदेश केला, तर त्यास भीती आणि उपदेश अशी दोन ओझी वाहावी लागतात. म्हणून आम्ही त्याला एक कविता सांगितली. ती मराठी नव्हे, फार दूरची आणि फार जुनी. पण त्या तिघांवरच कोणी रचली असावी, असे वाटावे इतकी चपखल. ज्योतिष्याकडे जाण्याविषयीच्या विनोदी कवितांमध्ये भविष्यकथनाचे सारे मर्म कसे साठवलेले असते, हे त्या निमित्ताने आमच्याही ध्यानात आले. तेच आज येथे मांडावयाचे आहे.

रोमचा बादशहा नीरो याच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, ल्युकिलिअस नावाचा एक कवी होऊन गेला. राज्य रोमनांचे, पण त्याची लेखनभाषा ग्रीक. त्याच्या कविता आपल्याकडील सुभाषितांसारख्या चार-सहा ओळींच्या. शेवटच्या ओळीत मात्र विंचवाच्या नांगीसारखा डंख ठेवलेला. कंजूष श्रीमंत, रोग्यास यमसदनी धाडणारे वैद्य, मार खाऊन ओळखू न येणारे मुष्टियोद्धे, रटाळ कवी, अशा सर्वांची त्याने थट्टा केली आहे. ग्रीक लघुकवितांचा जो मोठा संग्रह दहाव्या शतकातील एका हस्तलिखितात जतन झाला, त्याच्या अकराव्या भागात मेजवानीच्या आणि थट्टेच्या कविता एकत्र केल्या आहेत. ल्युकिलिअसचे ज्योतिषी तेथेच आपणांस भेटतात.

त्यांपैकी एका कवितेत तीन खेळाडू भविष्यवेत्त्याकडे जातात. एक मल्ल, दुसरा पाच प्रकारच्या खेळांच्या स्पर्धेत उतरणारा आणि तिसरा धावपटू. आगामी सामन्यांत आपणांपैकी कोण जिंकणार, हे त्यांना जाणून घ्यावयाचे असते. भविष्यवेत्ता यज्ञातील बळीची लक्षणे गंभीरपणे न्याहाळतो आणि तिघांनाही जय मिळेल असे सांगतो. अट एवढीच, की धावणाऱ्याच्या पुढे कोणी जाऊ नये, मल्लास कोणी लोळवू नये आणि तिसऱ्यावरही कोणी मात करू नये! कविता येथेच संपते. कवी टीका करीत नाही, निष्कर्ष काढीत नाही. भविष्यवेत्त्याचे बोलणे जसेच्या तसे आपणांपुढे ठेवतो आणि बाजूला होतो.

त्याच काळातील निकार्कस नावाच्या दुसऱ्या कवीनेही असाच प्रसंग रंगवला आहे. एक प्रवासी ऱ्होड्स बेटाकडे जाण्यापूर्वी ज्योतिष्यास विचारतो, की माझा प्रवास सुखरूप होईल काय? ज्योतिषी सल्ला देतो, की गलबत नवे असावे आणि निघावयाचे ते हिवाळ्यात न निघता उन्हाळ्यात निघावे. असे केल्यास तो जाईल आणि परतही येईल. फक्त वाटेत चाचे लोकांनी धरू नये, म्हणजे झाले. हा सल्ला देण्यास ग्रहताऱ्यांची काय गरज होती? बंदरावरच्या कोणत्याही खलाश्याने तो फुकट दिला असता.

ल्युकिलिअसची आणखी एक कविता तर याहून तिखट आहे. तिच्यातील निवेदक सांगतो, की माझ्या चुलत्याला सर्व ज्योतिष्यांनी दीर्घायुष्य सांगितले होते. एकच ज्योतिषी असा निघाला, की ज्याने तो लवकर मरणार हे अचूक सांगितले. मात्र त्याने ते सांगितले, तेव्हा आम्ही चुलत्याच्या प्रेताशेजारी बसून शोक करीत होतो!

एकोणीस शतकांपूर्वीच्या या कवितांनी आज आपणांस हसू येते, याचे कारण काय? त्यांतील देव निराळे, वेष निराळे, खेळ निराळे. परंतु युक्ती तीच आहे. ती युक्ती उलगडून पाहिली, म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या भीतीचे मूळही सापडते.

पहिली युक्ती 'जर-तर'ची. ज्या विधानास खोटे ठरण्याची सोयच ठेवलेली नाही, ते विधान खरे ठरल्याचे कौतुक करण्यात अर्थ नसतो. 'उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही' हे वाक्य कधीही खोटे होत नाही. पण ते ऐकून छत्री घ्यावी की न घ्यावी, हे कळत नाही. आपल्याकडील पंडितमंडळी या संबंधात एक जुनी गोष्ट सांगतात. अपत्य काय होणार, असे यजमानाने विचारले असता ज्योतिष्याने चिठ्ठीवर 'पुत्रो न पुत्री' एवढेच लिहून दिले. मुलगा झाला तर वाचावयाचे, 'पुत्र, पुत्री नव्हे'. मुलगी झाली तर वाचावयाचे, 'पुत्र नव्हे, पुत्री'. स्वल्पविराम कोठे द्यावयाचा, हे बारशाच्या दिवशी ठरवावयाचे! ग्रीक कवीचा भविष्यवेत्ता आणि आपला हा चिठ्ठीवाला सख्खे भाऊ शोभतील.

दुसरी युक्ती गणिताची आहे आणि ती बहुधा ज्योतिष्यासही ठाऊक नसते. समजा, एका ज्योतिष्याकडे १०० विद्यार्थी गेले आणि त्याने डोळे मिटून सर्वांस 'उत्तीर्ण होशील' असे सांगितले. त्यांपैकी ८० उत्तीर्ण झाले, असे धरू. हे ८० जण पेढे घेऊन त्याच्याकडे जातील आणि आपल्या मित्रांनाही त्याचे नाव सांगतील. उरलेले २० जण मुकाट्याने घरी बसतील; नापास झालेला मनुष्य गावभर बोभाटा करीत हिंडत नाही. तेव्हा ज्योतिष्याच्या कानांवर काय येते? केवळ यशाची वार्ता. त्यालाही हळूहळू आपल्या विद्येचा भरवसा वाटू लागतो. म्हणून प्रत्येक ज्योतिषी लबाडच असतो असे समजण्याचे कारण नाही. पुष्कळदा त्यालाही त्याच्या ८० पेढेवाल्यांनीच फसवलेले असते.

तिसरी युक्ती सर्वांत सूक्ष्म आहे आणि तिच्यात फसवणारा व फसणारा बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे आपण स्वतः. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातील ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वभावाचे वर्णन दिले. हे वर्णन तुम्हांस कितपत जुळते, यास ० ते ५ यांपैकी गुण द्या, असे त्याने सांगितले. सरासरी गुण पडले ४.२६. म्हणजे बहुतेकांस वाटले, की मास्तरांनी आपले अंतरंग ओळखले. मग फोररने रहस्य उघड केले. सर्वांना दिलेले वर्णन अक्षरशः एकच होते आणि त्यातील पुष्कळशी वाक्ये त्याने बाजारात मिळणाऱ्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. लोकांनी आपणांस चांगले म्हणावे असे वाटणे, बाहेरून धीट दिसत असताना आतून धाकधूक असणे, अंगच्या काही गुणांचा अद्याप उपयोग करून न घेतलेला असणे, या गोष्टी कोणास लागू पडत नाहीत? पण त्या आपल्या नावाने लिहून आल्या, की आपणांस वाटते, हे फक्त माझ्याविषयीच आहे.

आमच्या तिसऱ्या विद्यार्थ्याचे असेच झाले होते. परीक्षा तोंडावर आलेल्या दहावीच्या मुलास 'गणित दगा देईल' असे सांगितले, तर दहापैकी किती मुलांना ते मनोमन पटेल, याचा अंदाज आम्हां शिक्षकांस चांगला आहे. त्या मुलाची गणिताची भीती ज्योतिष्याने हातावरून वाचली नाही. मुलाने ती घरूनच सोबत नेली होती. ज्योतिष्याने तिला नाव दिले एवढेच.

येथे कोणी विचारील, की मग ज्योतिष सर्वच मिथ्या आहे काय? पंचांगात दिलेले ग्रहण तर ठरल्या वेळी लागते! प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देताना दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवल्या पाहिजेत. आपल्या पूर्वजांनी ज्योतिषाचे तीन स्कंध मानले. एक गणितस्कंध, त्यात ग्रहांची गती, ग्रहणे, तिथी यांचे गणित. दुसरा संहितास्कंध, त्यात शकुन, पाऊसपाणी इत्यादी. तिसरा होरास्कंध, म्हणजे जन्मपत्रिकेवरून माणसाचे भविष्य सांगणे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या मराठी ग्रंथात या साऱ्याचा इतिहास मोठ्या साक्षेपाने मांडला आहे. पंचांगातील ग्रहण अचूक ठरते, ते गणितस्कंधाचे श्रेय. चंद्र, सूर्य आणि पृथ्वी यांच्या गती मोजता येतात, म्हणून ते जमते. त्या श्रेयावर होरास्कंधाने आपला हक्क सांगू नये. शेजारच्या खोलीतील मुलगा पहिला आला, म्हणून आपण पेढे वाटत नाही!

या 'होरा' शब्दाची कथाही ऐकण्याजोगी आहे. सहाव्या शतकात अवंतिदेशात, म्हणजे आपल्या उज्जयिनीच्या परिसरात, वराहमिहिर हा थोर ज्योतिर्विद होऊन गेला. 'अहोरात्र' या शब्दातील पहिले व शेवटचे अक्षर गाळले, की 'होरा' उरतो, अशी व्युत्पत्ती काहीजण सांगतात, हे त्याने आपल्या 'बृहज्जातक' ग्रंथाच्या आरंभीच नमूद केले आहे. व्युत्पत्ती गोड आहे. पण विद्वान आज मानतात, की हा शब्द मूळचा ग्रीक. ग्रीक भाषेत 'होरा' म्हणजे ऋतू, वेळ, तास. इंग्रजीतील 'अवर' हा तासाचा शब्दही त्याच मुळातून फुटलेला. जन्मकुंडलीची विद्या ग्रीकांकडून भारतात आली, तेव्हा हा शब्दही तिच्याबरोबर आला. ल्युकिलिअसने ज्यांची थट्टा केली, त्या ज्योतिष्यांच्या पोतडीतील शब्द आपल्या गावच्या जोश्याच्या पोतडीत असा येऊन पडला.

दिवसाच्या २४ होरा आणि सात ग्रह यांच्या हिशेबातूनच आपल्या वारांचा क्रम लागला आहे. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असा ग्रहांचा क्रम घेऊन प्रत्येक होरा एकेका ग्रहाला देत जावे. रविवारची पहिली होरा रवीची. २४ ला ७ ने भागल्यास ३ उरतात. म्हणून दुसऱ्या दिवसाची पहिली होरा तीन घरे पुढे, चंद्राची पडते आणि तो सोमवार होतो. आणखी तीन घरे पुढे गेले, की मंगळवार. विद्यार्थ्यांनी हा हिशेब कागदावर करून पाहावा. मोठी मौज वाटते. हिशेब सुंदर आहे यात शंका नाही. पण मंगळवारी जन्मलेले मूल तापट निघेल, हे त्या हिशेबातून निघत नाही. ते पाहावयाचे, तर मंगळवारी जन्मलेली मुले मोजली पाहिजेत.

असे मोजण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न २००८ मध्ये महाराष्ट्रात झाला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी मिळून ही चाचणी योजली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा मिळवून २०० कुंडल्या मांडल्या. प्रत्येक ज्योतिष्याकडे यांपैकी ४० कुंडल्या पाठवल्या. कोणती कुंडली हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची, एवढेच त्याने सांगावयाचे. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. एखाद्याने कुंडली न पाहता नाणेफेक करून उत्तरे दिली असती, तर सरासरीने निम्मी, म्हणजे ५० टक्के बरोबर आली असती. या ज्योतिष्यांची सरासरी आली ४६ टक्के. एका ज्योतिषसंस्थेने सर्वच्या सर्व २०० कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर निघाली. २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

या चाचणीत कोणास शिवीगाळ नाही, कोणाच्या देवाधर्मावर आघात नाही. ज्योतिष्यांना त्यांच्याच शास्त्रातील प्रश्न विचारला आणि उत्तरे मोजली. ग्रीक कवीने जे चार ओळींत केले, तेच येथे आकड्यांत झाले, इतकाच फरक. मात्र प्रश्न विचारणे नेहमीच स्वस्त पडते असे नाही. या चौघांपैकी डॉ. दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. नारळीकर यांचे २०२५ मध्ये निधन झाले. आकाश पाहावे ते भिण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी, हे ते मराठी मुलांना आयुष्यभर सांगत राहिले.

आता कोणी म्हणेल, थट्टा करणारे कवी परदेशांतले आणि मोजणी करणारे शास्त्रज्ञ आजचे. आमच्या जुन्या मराठी परंपरेत याविषयी काही आहे की नाही? आहे, आणि ते या सर्वांहून निराळे व अधिक खोल आहे.

पूर्वी खेडोपाडी कुडमुडे जोशी येत असत. हातात कुडमुडे, म्हणजे डमरूसारखे लहानसे वाद्य, काखेत पंचांग आणि तोंडाने अखंड होरा. पहाटे अंधारात पिंगळा येई; पिंगळा पक्ष्याच्या बोलीवरून आपणांस भविष्य कळते, असे तो सांगे. दारोदार फिरून पसा-कुडता धान्य मिळवावे आणि त्यावर पोट भरावे, असा या लोकांचा निर्वाह होता. सोळाव्या शतकातील पैठणचे संत एकनाथ यांनी ही माणसे डोळे भरून पाहिली होती. त्यांनी जी सुमारे ३०० भारुडे रचली, त्यांत वासुदेव आहे, गोंधळी आहे, भुत्या आहे, विंचू चावलेली बाई आहे आणि होरा सांगणारा जोशीही आहे. भारूड म्हणजे लोकांना ठाऊक असलेले सोंग घेऊन, हसवता हसवता परमार्थ सांगणारे गीत. त्याचे वरचे टरफल विनोदाचे आणि आतला गर अध्यात्माचा.

एकनाथांच्या त्या प्रसिद्ध भारुडातील जोशी गावकऱ्यांपुढे ऐटीत उभा राहतो आणि होरा सांगू लागतो. ऐकणाऱ्यांस वाटते, आता लग्नकार्य, पीकपाणी, हरवलेले गुरू यांविषयी काही निघेल. पण या जोश्याचे गाव निराळेच. देह हेच गाव आणि मन हाच त्या गावचा पाटील. तो पाटील विश्वासू नाही, एक दिवस तुम्हांस फसवील, असे त्याचे भाकीत. वासना ही भांडखोर शेजारीण. तिच्या नादाने घर बुडेल, हे दुसरे भाकीत. शेवटी कवी स्वतःलाच कंगाल जोशी म्हणवून घेतो आणि सद्गुरूला शरण जाण्याचा उपाय सांगतो.

मंडळी हसतात, कारण पाटलाचे ऐकावे लागणे आणि शेजारणीचे भांडण या गोष्टी गावात प्रत्येकाच्या ओळखीच्या. परंतु हसता हसता एक गोष्ट लक्षात येते. एकनाथांचा जोशी जे सांगतो, ते प्रत्येकाला लागू पडते. मन दगा देते, हे कोणाच्या बाबतीत खोटे आहे? मग फोररच्या वर्गातील त्या कागदात आणि नाथांच्या भारुडात फरक काय राहिला?

फरक फार मोठा आहे, आणि आमच्या मते या लेखाचे सारे तात्पर्य त्यातच आहे. पथारीवरचा ज्योतिषी सर्वांना लागू पडणारी गोष्ट तुमचा हात हातात घेऊन, आवाज खाली आणून, केवळ तुमची म्हणून विकतो. नाथांचा जोशी तीच सर्वांची गोष्ट भर चावडीवर, उंच स्वराने, सर्वांची म्हणूनच सांगतो. पहिला तुम्हांस इतरांपासून वेगळा काढून एकट्याने भ्यावयास लावतो. दुसरा सांगतो, बाबांनो, हे संकट एकट्याचे नव्हे, गावातील झाडून सगळ्यांचे आहे. तेव्हा घाबरू नका, उपायाला लागा. पहिल्याच्या होऱ्यात संकट बाहेर, आकाशात असते. तेथे आपला हात पोहोचत नाही. दुसऱ्याच्या होऱ्यात ते आत, मनात असते. तेथे हात पोहोचवणे कठीण खरे, पण अशक्य नाही.

आणि आणखी एक गोष्ट. नाथांनी जोश्याची थट्टा केली, पण त्याचा तिरस्कार केला नाही. त्यांनी स्वतः त्याचे सोंग घेतले, स्वतःला कंगाल म्हणवले. चार घरे हिंडून पोट भरणाऱ्या त्या मनुष्यास त्यांनी आपला आवाज दिला. जो विनोद दुबळ्याला चिरडतो, तो हलका. जो भ्रम तेवढा चिरडतो आणि माणसाला जवळ करतो, तो श्रेष्ठ. ग्रीक कवींची थट्टा आपणांस शहाणे करते. नाथांची थट्टा शहाणे करून वर धीरही देते. आमच्या त्या विद्यार्थ्याला दोहोंची गरज होती.

तेव्हा वर्गातील रिकाम्या तासाला आम्ही त्याला प्रथम तीन खेळाडूंची कविता सांगितली. भविष्यवेत्त्याच्या अटी ऐकून तो हसला. मग क्षणभर थांबून म्हणाला, "सर, म्हणजे आम्हां तिघांनाही त्याने एकच सांगितले!" आम्ही म्हटले, "होय. आळस करू नये, प्रकृतीस जपावे, कष्ट करावे. ही तीन भविष्ये नव्हेत, शाळेच्या भिंतीवर लिहिलेली तीन सुवचने आहेत." नंतर नाथांचा जोशी सांगितला आणि विचारले, "तुला दगा कोण देणार आहे, गणित की मनाजी पाटील?" त्याने उत्तर दिले नाही, पण दुसऱ्या दिवशी तो गणिताची वही घेऊन आला. पहिल्याच उदाहरणात चिन्हाची चूक होती. ती दुरुस्त करण्यास कोणत्याही ग्रहाची अनुकूलता लागली नाही.

जाता जाता एक खबरदारी. पोपटाकडून चिठ्ठी काढवणारे ज्योतिषी कोठे कोठे अजूनही दिसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपले देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. ज्या पक्ष्याला आपण पकडले जाणार हे कळले नाही, त्याने आपली परीक्षा सांगावी, ही अपेक्षा त्या बिचाऱ्यावर अन्याय करणारी आहे.

निकाल लागला, तेव्हा तिघेही उत्तीर्ण झाले. तिसऱ्याला गणितात फार गुण मिळाले असे नाही. पण बेताचे का होईनात, मिळाले. पेढ्यांचा पुडा घेऊन तो आमच्याकडे आला आणि डोळे मिचकावीत म्हणाला, "सर, मोठी पंचाईत झाली. मी कष्ट केले आणि निभावले. म्हणजे ज्योतिषी खराच ठरला की!"

आम्ही पोटभर हसलो. नापास झाला असता, तर 'गणित दगा देईल' हे खरे. उत्तीर्ण झाला, तर 'कष्ट केलेस तर निभावेल' हे खरे. ल्युकिलिअस जिवंत असता, तर या मुलावर त्याने आणखी चार ओळी लिहिल्या असत्या. आम्ही त्यास विचारले, "मग पेढे त्याला द्यावयाचे की काय?"

"त्याला एक दिला, सर," तो म्हणाला. "उन्हात बसला होता बिचारा. पण हात नाही दाखवला."